मुहूर्त बारा पस्तीसचा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हिंगोलीत एक दिवस असा येतो, की भर दुपारी अंगणात काठी उभी केली तर तिची सावलीच पडत नाही. हिंगोलीचा अक्षांश साधारण १९.७ अंश उत्तर. १८-१९ मेच्या सुमारास सूर्यही उत्तरेकडे सरकत तेवढ्याच अंशावर आलेला असतो आणि दुपारी १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास तो बरोबर डोक्यावर येतो. आता याच दिवसांतल्या लग्नपत्रिका काढून बघा. मुहूर्त १२ वाजून २५, १२ वाजून ३५, १२ वाजून ४०. फोटोसाठी दिवसातला सगळ्यात वाईट उजेड ज्या घटकेला असतो, नेमकी तीच घटका आपल्याकडे लग्न लावायला धरलेली असते.

त्याला कारणंही आहेत. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात गेलेली असते. कापूस, हरभरा विकून हातात पैसा आलेला असतो. रान मोकळं असतं, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात आणि मृगाच्या पेरणीला अजून अवकाश असतो. दुपारचं लग्न असलं की चार गावांचे सोयरे जेवून दिवसाउजेडी घरी पोचतात. शेतकऱ्याच्या हिशेबात हे चोख बसतं. फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला मात्र डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, ओठांवर नाकाची सावली, फेट्याखाली अंधार आणि मांडवाबाहेर पांढराफटक उजेड येतो.

हातात नवा कॅमेरा आलेला आहे आणि भावकीतल्या कुणाच्या तरी लग्नाची पहिलीच जबाबदारी अंगावर पडली आहे, अशांसाठी हा लेख. असा नवा माणूस आधी लेन्स आणि फ्लॅशची चौकशी करतो. त्याने आधी गुरुजींची आणि घरातल्या जाणत्या बायकांची चौकशी करावी. निसर्गाचा फोटो उद्या पुन्हा काढता येतो, वाढदिवसाचा केक पुन्हा कापायला लावता येतो. अंतरपाट मात्र एकदाच दूर होतो. पुढच्या क्षणी काय होणार आणि तेव्हा उजेड कुठून येणार, या दोन गोष्टी ज्याला आधीच ठाऊक असतात, त्याचे फोटो साध्या कॅमेऱ्यानेही चांगले येतात.

आधी लग्न पाठ करा

मराठवाड्यातल्या लग्नाला स्वतःची चाल आहे. कुंकवाचा कार्यक्रम आणि बस्ता आधी उरकलेला असतो. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी हळद लागते, देवक बसतं. लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर किंवा गाडीत बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, हा परण्या. तो मांडवात परतला की पुढाऱ्यांचे सत्कार, टोपी-टॉवेलचे आहेर, दोन-चार भाषणं, आणि मग मंगलाष्टकं. अक्षता पडल्या की माणसं पंगतीकडे वळतात. कन्यादान, होम, सप्तपदी, कानपिळी हे विधी बहुतेक वेळा त्यानंतर, मांडव अर्धा रिकामा झाल्यावर होतात. मग झाल, पाठवणी आणि सासरच्या उंबऱ्यावर माप ओलांडणं.

इथेच नवखा फसतो. अक्षता पडल्या म्हणजे लग्न झालं असं समजून तो कॅमेरा बाजूला ठेवतो आणि जेवायला बसतो. कायदा वेगळं सांगतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. पुढे विवाह नोंदणीसाठी पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटोही मागतात. म्हणून पंगत उठेपर्यंत थांबा, सप्तपदीची सातही पावलं टिपा आणि मगच ताटावर बसा. यजमानांना तसं आधी सांगून ठेवलं तर तुमचं ताट कुणीतरी राखून ठेवतं.

लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी दोन्ही घरी जाऊन बसावं. कोणत्या विधीला कोण लागतं, हे विचारून वहीत लिहून घ्यावं. नवरीच्या मागे कोणता मामा उभा राहणार, करवली कोण, कान पिळणारा भाऊ कोण, झालीसाठी कोणत्या वडीलधाऱ्या बायका बसणार? आजारी आजोबांना स्टेजवर चढता येणार नसेल तर त्यांचा फोटो कुठे घ्यायचा? दोन्ही बाजूंनी माणसं ओळखणारी एकेक व्यक्ती मागून घ्या. नवऱ्या मुलाची सख्खी आत्या फोटोत राहून गेली, तर ते वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. ते तुम्हालाच नाही, वरमाईलाही ऐकावं लागतं.

जागाही आधी बघावी, आणि ती लग्नाच्याच वेळेला बघावी. सकाळी नऊला सुंदर दिसणारं लॉन दुपारी साडेबाराला तसंच दिसेल असं नाही. स्टेजचं तोंड कुठे आहे, वीज कुठून आली आहे, जनित्र आहे का, नवरी तयार होते त्या खोलीला खिडकी आहे का, हे पाहून ठेवा.

हळदीचा पिवळा कसा टिकवायचा

हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि इथल्या बाजारात शेजारच्या जिल्ह्यांतूनही हळद येते. त्यामुळे इथे हळदीच्या कार्यक्रमाला हात आखडता घेतला जात नाही. कॅमेऱ्यासाठी मात्र हळद अवघड रंग आहे.

हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं. परत येतो तो लाल आणि हिरवा, आणि आपल्या डोळ्याला तो पिवळा दिसतो. कॅमेऱ्याचा संवेदक लाल, हिरवा आणि निळा असे तीन हिशेब वेगवेगळे ठेवतो. चौकट हळदीने भरली की निळ्याचा हिशेब जवळजवळ रिकामा राहतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं की हा बल्बचा पिवळा उजेड आहे, आणि तो दुरुस्ती म्हणून निळा रंग मिसळतो. परिणामी हळद फिकट लिंबोळी आणि कातडी राखेसारखी दिसते. दुसरी अडचण लाल रंगाची. ऊन लागलेल्या चेहऱ्यावर हळद असली की लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन थडकते आणि गालावरचा सगळा तपशील पुसला जाऊन सपाट ठिपका उरतो.

उपाय सोपे आहेत. सावलीत हळद लागत असेल तर व्हाइट बॅलन्स ‘शेड’ किंवा ‘डेलाइट’वर पक्का करून टाका. उजेड थोडा कमी धरा, म्हणजे एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली. फोटो ‘रॉ’ स्वरूपात घ्या. त्यात रंगाची दुरुस्ती नंतर नुकसान न होता करता येते. कॅमेऱ्यावर हिस्टोग्राम तीन रंगांत दाखवण्याची सोय असेल तर लाल आलेख उजव्या भिंतीला टेकतोय का, ते पाहत राहा.

हळदीचे हात कॅमेऱ्यापासून लांब ठेवायचे, हे वेगळं सांगायला नको. तरी करवल्या फोटोग्राफरला सोडत नाहीत. लेन्सवर साधा फिल्टर लावा, खिशात दोन सुती फडकी ठेवा. आंघोळीचं पाणी ओतायची वेळ आली की चार पावलं मागे सरका आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरा.

मांडवातला उजेड

भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स एवढा प्रकाश असतो. जाड कापडाच्या मांडवात त्याचा लहानसा हिस्साच उरतो. डोळा या दोन्हींशी जुळवून घेतो, कॅमेरा घेत नाही. मांडवाच्या मध्यभागी उभ्या नवरीच्या चेहऱ्याचा हिशेब धरला तर मागचं अंगण पांढरं पडतं. अंगणाचा धरला तर नवरी काळी पडते. अशा वेळी पार्श्वभूमी निवडता येते, हे विसरू नये. दोन पावलं बाजूला सरकून मागे उघडं अंगण न घेता मांडवाची कनात घेतली, तर निम्मा प्रश्न सुटतो.

जोडप्याचे निवांत फोटो काढायला पाच मिनिटं मिळाली, तर त्यांना उन्हात नेऊ नका आणि मांडवाच्या पोटातही ठेवू नका. सावली जिथे संपते त्या काठापासून तीन-चार फूट आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून उभं करा. समोरच्या जमिनीवरून आणि आभाळातून परतलेला मऊ प्रकाश चेहऱ्यावर येतो, डोळ्यांत चमक येते. वाड्याचा दरवाजा, शाळेचा व्हरांडा, लिंबाच्या झाडाची कडा यांपैकी काहीही चालतं.

रंगीत मांडव हा दुसरा शत्रू. गुलाबी, केशरी, लाल कापडातून गाळून आलेला उजेड त्याच रंगाचा होतो आणि सगळं वऱ्हाड गुलाबी दिसतं. मांडवात, स्टेजच्या जागी, एक कोरा पांढरा कागद धरून त्यावरून कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्स शिकवा. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘कस्टम’ नावाने ही सोय असते. छतावर फ्लॅश मारून उजेड परतवायची युक्ती मंगल कार्यालयाच्या पांढऱ्या छताखाली चालते. कापडी मांडवात तोच उजेड गुलाबी होऊन परततो.

फ्लॅशचा एक नियम पाठ असावा: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. दोन मीटरवरच्या नवरदेवाला पुरलेला फ्लॅश चार मीटरवरच्या सासऱ्यांना पाव पटच मिळतो. उन्हात परण्याचे फोटो काढतानाही फ्लॅश उपयोगी पडतो, कारण फेट्याखालची सावली त्याने भरून निघते. मात्र साध्या फ्लॅशबरोबर बहुतेक कॅमेऱ्यांचा शटर १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या पुढे जाऊ शकत नाही. आयएसओ १००, शटर १/२०० आणि छिद्र एफ ११ हा भर उन्हातला ठोकताळा लक्षात ठेवला, की तिथून थोडं इकडेतिकडे करता येतं.

संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताचं गणित वेगळं. मेमध्ये हिंगोलीत पावणेसातनंतर सूर्य मावळतो, डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारासच. गोरज मुहूर्ताची लग्नं फोटोसाठी सर्वांत चांगली, पण पुढे अर्ध्या तासात सगळा भार स्टेजच्या एलईडी दिव्यांवर येतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण १/५०० सारख्या वेगवान शटरला दिसतं आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० वर आलात की पट्टे बहुधा जातात. नव्या कॅमेऱ्यांत ‘अँटी-फ्लिकर’ची सोय असते, ती चालू ठेवा.

पांढरं धोतर, सावळी कातडी

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. हा करडा म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारा. पांढरी धोतरं आणि टोप्या घातलेले ज्येष्ठ रांगेत बसले असले की मीटरला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळपट करतो. तिथे एक्स्पोजर एक स्टॉपभर वाढवावं लागतं. काळी शेरवानी चौकटभर असेल तर उलटं होतं, चेहरे पांढरे पडतात.

कातडीच्या रंगाबाबत तर जुना अन्याय आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड देत असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखलं जाई आणि अनेक वर्षं तोच चेहरा प्रमाण मानला गेला. सावळ्या माणसांचे चेहरे त्या मापात नीट बसत नसत. आज मोजमाप बदललं आहे, पण चेहरे ‘गोरे’ करण्याची आपली खोड तशीच आहे. उन्हातान्हात राबलेल्या माणसांचे चेहरे संगणकावर पिठासारखे पांढरे करू नका. घरच्यांना मुलगी ओळखू आली पाहिजे. उजेड चेहऱ्यावर मोजा, म्हणजे सावळा रंगही तजेलदार येतो.

अंतरपाटाचे दोन क्षण

सगळ्या लग्नात सर्वांत घाईचा प्रसंग म्हणजे शेवटचं ‘सावधान’. मंगलाष्टकं पाच-सात होतात, मध्येच मावशी-काकू स्वतः रचलेली अष्टकं म्हणून जातात. गुरुजींनी शेवटचं अष्टक सुरू करण्याआधी तुम्हाला खूण करावी, एवढं त्यांच्याशी आधी ठरवून ठेवा. लग्नात ज्यांच्याशी सर्वांत आधी मैत्री करावी असे दोघेच असतात: गुरुजी आणि व्हिडिओ शूटिंगवाला. शूटिंगवाल्याशी कोण कुठे उभं राहणार हे ठरलं नाही, तर तुमच्या प्रत्येक फोटोत त्याची पाठ येईल आणि त्याच्या प्रत्येक दृश्यात तुमची.

उभं राहायची जागा अंतरपाटाच्या रेषेत, म्हणजे दोघांचे चेहरे बाजूने दिसतील अशी. पाट सरकला की दोघांची पहिली नजर, मग अक्षता, मग हार, हे सगळं काही सेकंदांत उरकतं. ‘सावधान’ म्हणताना शटर अर्धा दाबून फोकस तयार ठेवा आणि सलग फोटो घेण्याची सोय चालू करा.

अक्षतांचं गणितही करून ठेवावं. आपल्याकडे तांदळाच्या, काही गावांत ज्वारीच्या रंगवलेल्या अक्षता असतात. वर फेकलेला दाणा उंचावरून दोन मीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या पुढे गेलेला असतो. १/१२५ शटरवर तो पाच सेंटिमीटरची रेघ ओढतो; १/१००० वर सहा-सात मिलिमीटरच सरकतो आणि दाणा वेगळा दिसतो. दाणे थिजलेले हवेत की पावसाच्या रेघांसारखे, हे तुम्ही ठरवा. पण ठरवून करा. मांडवात १/१००० साठी आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर न्यावा लागेल. थोडे दाणेदार फोटो चालतात, हललेले चालत नाहीत.

एक सूचना वेळेबद्दल. पत्रिकेवर १२.३५ असलं तरी परण्या लांबतो, पाहुणे उशिरा येतात, सत्कार वाढतात आणि लग्न दीड-दोनला लागतं. तोवर सूर्य पश्चिमेला कलून मांडवाच्या एका बाजूने आत शिरलेला असतो. सकाळी ठरवलेली जागा तेव्हा चुकीची ठरते. म्हणून उजेड दर अर्ध्या तासाने पुन्हा तपासा.

स्टेजवरची गर्दी

समूह फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. यावर ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी खरोखर गणित मांडलं, आणि त्यासाठी त्यांना २००६ साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक मिळालं. त्यांचा ठोकताळा असा: वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने भागा. तेवढे फोटो घेतले की त्यातल्या एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळजवळ खात्री. बारा जणांच्या भावकीला चांगल्या उजेडात चार फोटो पुरतात.

तीन ओळी असतील तर छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवा आणि फोकस पुढच्या ओळीतल्या मधल्या माणसावर न ठेवता थोडा मागे, दुसऱ्या ओळीकडे धरा. एफ १.८ वर नवरा-नवरीचा फोटो देखणा येतो, पण मागे उभे असलेले व्याही धूसर होतात. आहेराच्या वेळी रांग थांबत नाही. तिथे एकच जागा, एकच मांडणी, फ्लॅश ठरलेल्या ताकदीवर आणि प्रत्येकाचे दोन फोटो. कलात्मकता त्या तासभरासाठी बाजूला ठेवावी. अल्बममध्ये नातेवाईक सर्वांत आधी स्वतःचा आहेराचा फोटोच शोधतात.

बायकांच्या खोलीचा उंबरठा

हिंगोली १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. या संस्थानाच्या दरबाराचा छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ. पडद्यातल्या स्त्रियांना पुरुषासमोर बसता येत नाही, ही अडचण ओळखून त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंना नेमलं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी धंदा करणाऱ्या माणसाला जे कळलं, ते आज कॅमेरा घेऊन नवरीच्या खोलीत सरळ शिरणाऱ्याला कळत नाही.

हळदीत भिजलेले कपडे, साडी नेसतानाची लगबग, पाठवणीच्या वेळी कोसळलेली आई: यातला कोणता फोटो घ्यायचा आणि कोणता घेतला तरी कुणाला दाखवायचा नाही, हे नवरीला आणि तिच्या आईला विचारून ठरवा. दार वाजवून आत जा. शक्य असेल तर सोबत फोटो काढणारी एखादी मुलगी घ्या. हळदीच्या आणि निकाहच्या कामांत ती जिथे पोचेल, तिथे तुम्ही पोचणार नाही. मुलींनी या धंद्यात यावं, याला हे रोकडं कारण आहे. आणि परवानगी न घेता एकही फोटो मोबाईलच्या स्टेटसवर टाकू नका.

प्रत्येक लग्न सारखं नसतं

जिल्ह्यात बौद्ध, मुस्लीम, बंजारा, लिंगायत, जैन असे सगळेच समाज आहेत आणि प्रत्येकाच्या लग्नाचा कळस वेगळा आहे. बौद्ध विवाहात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावून त्रिशरण-पंचशील होतं, वधू-वर प्रतिज्ञा घेतात. पोशाख बहुधा शुभ्र, म्हणून वर सांगितलेली एक्स्पोजरची वाढ इथे हमखास लागते. निकाहात काझींसमोरचा कबुलीचा क्षण आणि निकाहनाम्यावरची सही महत्त्वाची, आणि वधू-वर बहुतेकदा वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले, म्हणजे दोन कॅमेरे हवेतच. बंजारा तांड्यावर नवरी निघताना ढावलो म्हणत रडते. तिथे फ्लॅश बंद ठेवा आणि अंतर राखा. जुन्या बंजारा पोशाखावरच्या आरशांवर सरळ फ्लॅश मारला तर पांढरे ठिपके उमटतात, तो तिरका हवा. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात मंगलाष्टकांतून वधू-वरच एकमेकांशी बोलतात, तेव्हा कॅमेरा त्यांच्याच चेहऱ्यांवर हवा.

उन्हाळा, धूळ आणि यंत्र

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअसपर्यंत दिलेली असते. मेमध्ये हिंगोलीचा पारा त्याच्या वर जातो. कॅमेरा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, पांढऱ्या ओल्या फडक्याची सावली त्याच्या पिशवीवर धरा; पाणी मात्र आत जाऊ देऊ नका. परण्यात गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका, कारण धूळ थेट संवेदकावर बसते. दोन कॅमेरे आणि त्यांना दोन वेगळ्या लेन्स ही चैन नाही. दुसरा कॅमेरा भाड्याने किंवा मित्राकडून घ्या. मुख्य कॅमेरा ऐनवेळी बंद पडला तर लग्न थांबत नाही. बॅटऱ्या आदल्या रात्री भरून ठेवा, गावातल्या विजेच्या भरवशावर सकाळ सोडू नका.

कायद्याच्या चार गोष्टी

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: वय. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण असावं लागतं. बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मराठवाड्यात हा प्रश्न अजून जिवंत आहे आणि प्रशासन मंडपवाले, आचारी, बँडवाले यांच्याबरोबर फोटोग्राफरनाही सावध करत असतं. ऑर्डर घेताना वयाची चौकशी करा; शंका आली तर काम नाकारा आणि १०९८ या क्रमांकावर कळवा.

दुसरी गोष्ट हक्काची. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. जाहिरातीसाठी ते फोटो वापरायचे असतील तर लेखी परवानगी घ्या.

तिसरी ड्रोनची. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर प्रमाणपत्र लागतं, आणि ड्रोनची नोंदणीही करावी लागते. वऱ्हाडावर पंखे फिरवण्याआधी हे पाहा.

चौथी व्यवहाराची. किती तास, किती फोटो, अल्बमची पानं किती, इसार किती, फोटो कधी मिळणार, हे नातेवाइकांच्या कामातही कागदावर लिहा. भिडेखातर तोंडी ठरलेल्या कामातूनच पुढे अबोला होतो.

लग्नानंतरचं लग्न

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो मावत आणि प्रत्येक फोटोला पैसे पडत. हात आपोआप आवरता राहायचा. आज दिवसभरात दोन हजार फोटो सहज होतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे एका लग्नाचे पन्नास-साठ जीबी झाले. त्याच रात्री, झोपण्याआधी, ते दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा आणि एक डिस्क दुसऱ्या घरात ठेवा. अल्बम यजमानांच्या हातात पडेपर्यंत कार्ड कोरं करू नका.

मग निवड. दोन हजारांतले चारशे-पाचशे द्या, त्यांतले शंभर-दीडशे अल्बमला पुरतात. निवडताना चेहऱ्यावरचा भाव आधी बघा, धार नंतर. आजी नातीच्या हातावर नोट ठेवतानाचा थोडा हललेला फोटो करिज्मा अल्बमच्या ढगांच्या पार्श्वभूमीपेक्षा जास्त काळ पाहिला जातो. काही फोटो कागदावर छापून घ्यायला यजमानांना आग्रहाने सांगा. मोबाईल बदलला की आतले फोटो हरवतात.

आता एवढं वाचूनही पहिलं लग्न एकट्याच्या अंगावर घेऊ नका. आपल्या तालुक्यातल्या अनुभवी फोटोग्राफरला गाठा आणि एका मोसमात त्याच्यामागे दुसरा कॅमेरा घेऊन उभे राहा, पैसे कमी मिळाले तरी चालतील. मांडवात तो कुठे सरकतो, ‘सावधान’ आधी कुठे थांबतो आणि कुणाला नावाने हाक मारतो, ते बघा. हे पुस्तकात मिळत नाही, आणि ते आलं की स्वतःच्या नावाने ऑर्डर घ्यायला हरकत नाही.